माहितीपत्रकात पानोपानी ‘अनुभवातून शिक्षण’ लिहिलंय. म्हणजे नेमकं काय करतात?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. बरेच महिने रोमात (म्हणजे नुसती वाचत) होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

भाचीला एका विद्यापीठाच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रवेश मिळालाय. आधी सगळ्यातलं थोडं थोडं शिकायचं आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय ठरवायचा, अशी रचना आहे. सध्या ती इतिहास आणि मानवशास्त्र यांच्यामध्ये लोंबकळतेय. दोन्ही विभागांची माहितीपत्रकं मी वाचली. दोन्हीत एकच शब्द उठताबसता येतो: अनुभवातून शिक्षण. सोबत फोटो. मुलं कुठेतरी उन्हात उभी राहून हसताहेत. काय करताहेत ते फोटोवरून अजिबात कळत नाही.

भाचीचे बाबा म्हणतात, "सहलीला क्रेडिट देतात, बाकी काही नाही." ताई म्हणते, "निदान चार भिंतींबाहेर तरी पडेल." मी हिशेब लिहिणारी बाई. माझं सगळं शिक्षण दुसऱ्यांच्या पावत्या लावता लावता झालं, त्यामुळे हाताने शिकणं म्हणजे काय ते मला कळतं. इतिहास हाताने कसा शिकतात, ते मात्र कळत नाही.

तर ज्यांनी हे केलंय किंवा शिकवलंय त्यांनी सांगा, तिथे खरोखर काय होतं? आणि खरं कुठलं, दिखाऊ कुठलं, हे बाहेरून ओळखायचं कसं?

मधली_सुट्टी
इतिहासाचं प्रात्यक्षिक म्हणजे एखादी लढाई पुन्हा करायची का? (दिवे घ्या, गंमत आहे.)

उंटावरचा_शहाणा
भाचीच्या बाबांना अनुमोदन. मी इंजिनिअर आहे. आमच्या कार्यशाळेत लेथ (धातू कातायचं यंत्र) होता. चुकलं की हत्यार तुटायचं, आवाज व्हायचा आणि सगळा वर्ग वळून बघायचा. कलाशाखेत चुकलं तर काय तुटतं? काहीच तुटत नसेल तर ते प्रात्यक्षिक कसलं?

शिवाय संशोधनच सांगतं की माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात ठेवतो. तेव्हा हाताने शिकायचं असेल तर जिथे हाताला काम आहे तिथे जावं. जिथे नाही तिथे बळेच आणू नये.

आकडेमोड
उंशा, ते १०-२०-९० कुठल्याही संशोधनातलं नाही. एडगर डेल नावाच्या प्राध्यापकांनी १९४६ साली अनुभवांचा एक शंकू काढला होता. तळाशी प्रत्यक्ष कृती, टोकाला शब्द. त्यात टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली आणि तेव्हापासून ती प्रत्येक प्रशिक्षणवर्गाच्या तिसऱ्या स्लाइडवर असते. खरं मोजमाप केलं असतं तर सगळे आकडे असे शून्यावर येऊन थांबले असते का?

खरा आकडा हवा असेल तर हा घ्या. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के निघालं, आणि मुलं वर्गात स्वतः काहीतरी करतात तिथे सुमारे २२ टक्के. फरक मोठा आहे. पण ते सगळे वर्ग विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीचे होते, तेव्हा इतिहासाला तो आकडा तसाच्या तसा लावता येणार नाही. म्हणजे माझाच मुद्दा मी अर्धा खोडला. असो.

उंटावरचा_शहाणा
टक्केवारी मागे घेतो. लेथ मागे घेत नाही.

खंदक
कलाशाखेत चुकलं तर काय तुटतं? घ्या, सांगतो.

मी पुरातत्त्वातला. पहिल्या वर्षी आम्हाला उत्खननावर नेलं. पाच बाय पाच मीटरचा चौकोन, हातात करणी (गवंड्याचीच, फक्त लहान), गुडघ्याखाली जुनं पोतं. थर बदलला की माती रंगाने, ओलाव्याने, करणीच्या आवाजानेसुद्धा वेगळी कळते, असं सर सांगायचे. मला काही कळत नव्हतं, पण मान डोलवायचो. चौथ्या दिवशी मी एक खड्डा ओलांडून गेलो. म्हणजे फार पूर्वी कुणीतरी वरून खणलेला आणि नंतर बुजलेला खड्डा होता. त्याची कड मला दिसली नाही आणि मी आतली माती बाहेरच्या थराबरोबर सरळ उपसत गेलो. दोन वेगळ्या काळांतली खापरं एकाच पिशवीत पडली. लक्षात आलं तेव्हा अर्धा चौकोन खाली गेला होता.

सर ओरडले नाहीत. नोंदपत्रक पुढे केलं आणि म्हणाले, "लिही. खणणाऱ्याच्या चुकीमुळे सामग्री मिसळली. खाली सही कर." केली. तो कागद आजही त्या उत्खननाच्या दप्तरात आहे. पुढे कुणीही ती पिशवी उघडली तर त्याला माझी सही दिसणार. लेथचं हत्यार नवीन आणता येतं हो. थर एकदाच खणता येतो.

आणि कोरी_पाटीताई, फोटोत हसणारी मुलं दिसतात कारण फोटो खणताना काढतात. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ खणण्यात जातच नाही. मोजणं, कडेचा छेद (उभ्या भिंतीत दिसणारे थर) १:१० प्रमाणात आखकागदावर काढणं, माती चाळणं, खापरं धुऊन एकेकावर इवल्या अक्षरांत क्रमांक घालणं, यात जातो. त्याचे फोटो कुणी माहितीपत्रकात छापत नाही. छापले तर प्रवेश घ्यायला कोण येईल?

मधली_सुट्टी
‘खणणाऱ्याच्या चुकीमुळे सामग्री मिसळली.’ माझ्या बऱ्याच परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवर हेच लिहायला हवं होतं.

तळटीप
खंदक यांनी छान लिहिलंय. मी तीसेक वर्षं इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी नावाबद्दल. ‘लिबरल’ हा शब्द जुन्या युरोपात ‘स्वतंत्र माणसाला शोभतील अशा’ विद्यांसाठी आला. अशा विद्या सात. व्याकरण, तर्क, वक्तृत्व ही त्रयी आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल हे चतुष्टय. हाताने करायची कामं त्यात मुद्दामच नव्हती. बाराव्या शतकात सेंट व्हिक्टरच्या ह्यू या धर्मपंडिताने हातकामाच्या विद्यांचीही साताची वेगळी यादी केली. विणकाम, शस्त्रं आणि बांधकाम, व्यापार, शेती, शिकार, वैद्यक आणि नाट्य. म्हणजे आज ज्याला आपण लिबरल आर्ट्समधलं प्रात्यक्षिक म्हणतो, ती खरं तर जुन्या भावकीत शेकडो वर्षांनी झालेली दिलजमाई आहे. त्या यादीत वैद्यक शिकारीच्या पंक्तीला बसलंय, हे डॉक्टर मंडळींनी बघून घ्यावं.

आता इतिहास हाताने कसा शिकतात. मी दर वर्षी मुलांना पत्रांचा एक गठ्ठा द्यायचो. तारीख नसलेली पत्रं. सांगायचो, ही क्रमाने लावा. पेन बाहेर ठेवायचं, फक्त शिसपेन्सिल. हातमोजे नाहीत. सिनेमात पांढरे हातमोजे घालून जुने कागद हाताळताना दाखवतात, पण मोज्यातल्या बोटाला कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. हात धुऊन कोरडे केले की पुरे. छायाचित्रं किंवा धातूच्या वस्तू असतील तर मोजे, ते वेगळं.

मग मुलं कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण) शोधत, अक्षराचं वळण जुळवत, ‘धाकट्याचं लग्न झालं’ असं एका पत्रात असेल तर लग्नाआधीची पत्रं मागे टाकत. एका वर्षी एका पत्रात ओझरता ग्रहणाचा उल्लेख होता. वर्गातल्या एका मुलीने ग्रहणांची कोष्टकं काढली, त्या भागातून कुठलं दिसलं असेल ते शोधलं आणि त्या पत्रावर तारीख घातली. त्या एका तारखेमुळे आजूबाजूची अकरा पत्रं जागेवर बसली. मी स्वतः तो गठ्ठा आधीची सहा वर्षं चुकीच्या क्रमाने लावत होतो. हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा जो गलका झाला तो अजून आठवतो.

पुस्तकातल्या तारखेला मुलं कधी प्रश्न विचारत नाहीत. स्वतः एकदा तारीख घातली की मग प्रत्येक छापील तारखेकडे ‘ही कुणी आणि कशावरून घातली’ म्हणून बघायला लागतात. इतिहासाचं प्रात्यक्षिक ते हे.

विंगेतून
थांबा थांबा. नाट्य शिकारीच्या पंक्तीला? मी नाट्यविभागातली आहे आणि मला हे अगदी पटलंय. प्रयोगाच्या रात्री विंगेत नेमकं तेच वातावरण असतं.

घुबड
मी सध्या शिकतेय, दुसऱ्या वर्षाला. वरचं सगळं वाचून हेवा वाटला म्हणून लिहितेय.

आमच्याकडे ‘अनुभव’ म्हणजे एका संस्थेत आठ आठवडे जायचं. ती संस्था वस्तीत सभा घेते. मी त्यातले सात आठवडे खुर्च्या मांडल्या आणि हजेरीपट भरला. आठव्या आठवड्यात हार आणायला पाठवलं. शेवटी दोन पानी मनोगत लिहायचं होतं. ‘मला खूप काही शिकायला मिळालं’ असं सगळ्यांनी लिहिलं. सगळ्यांना वरची श्रेणी मिळाली. ते मनोगत कुणी वाचलं असेल असं वाटत नाही, कारण एका मित्राने मधल्या परिच्छेदात वाढदिवसाचं भाषण टाकलं होतं.

मधली_सुट्टी
खुर्च्या सरळ ओळीत मांडल्या होत्यास का? मग भूमिती झाली. तळटीप सरांच्या चतुष्टयातला एक विषय सुटला.

उंटावरचा_शहाणा
बघा, हेच म्हणत होतो मी. खंदक आणि तळटीप यांची उदाहरणं म्हणजे लाखात एक. घुबडची गोष्ट ही नेहमीची.

रात्रपाळी
नेहमीची कुठली, हे कोण मोजतंय? पण मला वेगळंच बोलायचंय. हे सगळं फुकट करायला परवडतं कुणाला?

मी शिकत असताना रात्री एका गोदामात माल चढवायचो-उतरवायचो. घरी पैसे पाठवावे लागत. तिसऱ्या वर्षी विभागाने सांगितलं की उन्हाळ्यात बिनपगारी इंटर्नशिप केली तर गुणपत्रकावर वेगळी नोंद होईल. माझ्या वर्गातल्या चौघांनी केली. चौघांचीही घरची परिस्थिती बरी होती. मी गेलो नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न, "काही प्रत्यक्ष अनुभव?" गोदामाचं सांगितलं तर समोरचा म्हणाला, "तसा नाही, विषयाशी संबंधित."

मी समाजशास्त्र शिकत होतो. गोदामात पाळी कशी लावतात, नव्या माणसाला जड बाजू कोण देतं, मुकादमाचा नातेवाईक कुठे उभा राहतो, हे सगळं मला पाठ होतं. त्यावर कुणी एक निबंध लिहायला सांगितला असता तर वर्गातला सगळ्यांत चांगला निबंध माझा झाला असता. कुणी विचारलं नाही आणि मलाही तेव्हा सुचलं नाही.

आकडेमोड
रात्रपाळी, शेवटची ओळ वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटलं नाही.

पानगळ
रात्रपाळी यांनी दुखरी जागा दाखवली. तुमचा प्रश्न फुकट काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा. मी पलीकडच्या बाजूचा सांगते, म्हणजे ज्यांच्यावर हे ‘शिक्षण’ केलं जातं त्यांचा.

आमचं सत्र पंधरा आठवड्यांचं होतं. त्यात एका वाचनालयात आठवड्यातून दोनदा मुलांना वाचून दाखवायचं. पहिले चार आठवडे मुलं लाजत होती. सहाव्यात एक मुलगा माझ्या शेजारी बसायला लागला. अकराव्यात तो स्वतः मोठ्याने वाचायला लागला, अडखळत, पण वाचायला लागला. पंधराव्यात आमचं सत्र संपलं. परीक्षा, मग सुट्टी. पुढच्या सत्रात दुसरी तुकडी गेली आणि पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना विचारलं, "तुझं नाव काय?" वाचनालयातल्या बाई मला नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचं शिक्षण दर चार महिन्यांनी पहिल्यापासून सुरू होतं. आमची मुलं तेवढ्यात मोठी होतात."

मग आम्ही तिघींनी एक वही केली. कुठलं मूल कुठल्या पुस्तकापर्यंत आलंय, कुणाला चित्रं आधी दाखवायची, कोण रडलं तर बाहेर न्यायचं. पुढच्या तुकडीला ती दिली. याला गुण नव्हते. त्या सगळ्या अभ्यासक्रमात मी शिकले असं म्हणायचं तर ती वही करताना शिकले.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईने १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा (शिकवण्याच्या नव्या पद्धती करून बघायची शाळा) काढली, त्याचं नाव या विषयात सारखं निघतं. पण त्यानेच १९३८ साली बजावलं होतं की सगळेच अनुभव शिकवणारे नसतात, काही तर पुढचं शिकणं अडवतात. हे वाक्य माहितीपत्रकात येत नाही.

शाईचा_डाग
मला या सगळ्याचाच थोडा कंटाळा आलाय. स्पष्ट बोलतो. वाचन हे हाताने करायचं काम नाही का? एक अवघड पान तीनदा वाचणं, समासात लिहिणं, खोडणं, पुन्हा लिहिणं? ‘बाहेर पडा, करा, अनुभवा’ या धोशात संथ वाचनाचे तास खाल्ले जातात. मुलं चार संस्थांत जाऊन येतात आणि एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला सेंट जॉन्स नावाचं कॉलेज आहे. तिथे १९३७ पासून सगळ्यांना एकच अभ्यासक्रम आहे. मुख्य विषय निवडायचाच नाही, मूळ ग्रंथ वाचायचे आणि टेबलाभोवती बसून वाद घालायचा. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

तळटीप
डाग, तुमचा मुद्दा मोलाचा. पण त्याच सेंट जॉन्समध्ये प्रयोगशाळाही सक्तीची आहे. जुन्या शास्त्रज्ञांचं लेखन वाचायचं आणि त्यांचे प्रयोग स्वतः करून बघायचे. तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध साक्ष द्यायला लागलं की हो.

शाईचा_डाग
ते मी सोयीने गाळलं होतं. पकडलंत.

आकडेमोड
माझ्याकडून अजून एक. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर एक अभ्यास झाला. स्वतः गणितं सोडवत शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांनाच वाटत होतं. छान व्याख्यान ऐकलेल्यांना उलट वाटत होतं. म्हणजे ‘मला खूप काही शिकायला मिळालं’ हे वाक्य कशाचाच पुरावा नाही. घुबड, तुमच्या मनोगतांना दिलेल्या श्रेणीबद्दल बोलतोय.

मधली_सुट्टी
एक प्रामाणिक शंका. तत्त्वज्ञानाचं प्रात्यक्षिक काय? विषाचा पेला?

विंगेतून
सॉक्रेटिसला त्यात पूर्ण गुण मिळाले, पण पुढच्या सत्राला बसता आलं नाही.

शाईचा_डाग
हसा. पण आहे प्रात्यक्षिक. १९९३ मध्ये रॉबर्ट लाडेन्सन या प्राध्यापकांनी इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘एथिक्स बोल’ ही नीतीच्या प्रश्नांवरची स्पर्धा सुरू केली. संघांना खरीखुरी वाटावीत अशी पेचाची प्रकरणं देतात. वादविवाद स्पर्धेत तुम्हाला बाजू वाटून देतात, इथे तसं नाही. दोन्ही संघांचं मत एकच असलं तरी चालतं. कारणं कशी मांडता आणि समोरच्याच्या आक्षेपाचं काय करता, यावर गुण. मी एकदा परीक्षक होतो. एका मुलीने मधेच थांबून सांगितलं, "यांचा आक्षेप बरोबर आहे, आमचा दुसरा मुद्दा पडला." त्यांचा संघ जिंकला.

उंटावरचा_शहाणा
कॉर्पोरेट बैठकीत असं बोलणारा माणूस मी अजून पाहिला नाही. ही स्पर्धा आमच्याकडे पाठवा.

बाकी एक ऐतिहासिक माहिती मीही शोधून आलोय. वर्गात शिकायचं आणि मधेमधे खऱ्या ठिकाणी पगारी काम करायचं, ही पद्धत १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी आणली. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी! कलाशाखेने आमच्याकडूनच उचललंय.

तळटीप
उचललंय, कबूल. १९२१ मध्ये तिकडच्याच अँटिऑक कॉलेजने ती पद्धत लिबरल आर्ट्सला लावली. तेव्हाचे अध्यक्ष आर्थर मॉर्गन स्वतः इंजिनिअरच होते, त्यामुळे श्रेय पुन्हा तुमच्याच घरात. आणि रात्रपाळी, यातला ‘पगारी’ हा शब्द महत्त्वाचा. शंभर वर्षांत तोच नेमका कुठेतरी गळून पडला.

उंटावरचा_शहाणा
अँटिऑक बंद पडलं होतं ना?

तळटीप
२००८ ला बंद पडलं, पैशांअभावी. २०११ ला पुन्हा उघडलं. तुम्ही अर्धीच बातमी वाचता.

ओसरीवरून
सगळी उदाहरणं तिकडचीच का? रवींद्रनाथांनी १९२१ ला विश्वभारती काढलं आणि पुढच्याच वर्षी शांतिनिकेतनजवळच्या सुरुल इथे श्रीनिकेतन. शेती, विणकाम, गावाचं आरोग्य, सगळं विद्यापीठाच्या कक्षेत. तळटीप यांच्या दोन्ही याद्या एका आवारात.

पण मी आले होते घुबडसाठी. मी मानवशास्त्र शिकवते. तुझ्या खुर्च्या माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. तुला एक विचारू? सभेला लोक आल्यावर त्या खुर्च्या तशाच राहायच्या का?

घुबड
नाही ना. दर वेळी हलवायचे लोक. म्हणजे मुख्यतः बायका. त्या मागच्या दोन ओळींतल्या खुर्च्या उचलून दाराजवळ न्यायच्या आणि अर्धवर्तुळ करून बसायच्या. मी पुढच्या आठवड्यात परत सरळ ओळीत मांडायचे.

ओसरीवरून
दाराजवळ का?

घुबड
विचारलं नाही कधी. बहुतेक मुलं बाहेर खेळत असायची, त्यांच्यावर लक्ष ठेवायला? आणि सभा लांबली की त्यांना न बोलता निघून जाता यायचं. आणि हां, अर्धवर्तुळात बसल्यावर त्या एकमेकींशी बोलायच्या, मंचाकडे बघायच्याच नाहीत. म्हणजे सभा दोन चालायच्या. अरे देवा. आणि मी सात आठवडे त्या खुर्च्या सरळ करत होते.

ओसरीवरून
हे तू आत्ता दहा ओळींत जे लिहिलंस ते तुझं खरं मनोगत. त्यासाठी कुणी तुला दुसऱ्याच आठवड्यात ‘दाराजवळ का’ एवढंच विचारायला हवं होतं. मग तिसऱ्या आठवड्यात तू जाऊन त्या बायकांना विचारलं असतंस.

आमच्या विषयात फिल्डवर्कचं (लोकांत राहून केलेल्या अभ्यासाचं) नाव निघालं की मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ येतोच. १९१५ ते १९१८ च्या दरम्यान तो दोन खेपांत न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला. पण मुलांना मी बेटांचं कौतुक सांगत बसत नाही. मी एवढंच सांगते की नोंद त्याच रात्री लिहायची. उद्यावर टाकलं की आठवण नीटनेटकी होते आणि नीटनेटकी आठवण काही कामाची नाही. वहीचं डावं पान जे दिसलं-ऐकलं त्यासाठी, उजवं पान आपल्याला काय वाटलं त्यासाठी. दर आठवड्याला वही माझ्याकडे येते. पंचवीस वह्या वाचायच्या म्हणजे माझा रविवार जातो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी हे होत नाही. मुलांना बाहेर पाठवायला पत्र पुरतं. परत आल्यावर वाचायला माणूस लागतो, आणि ते त्याच्या कामाच्या तासांत कुठे धरलेलं नसतं.

आणखी एक. लोकांशी बोलायला पाठवण्याआधी संमती कशी घ्यायची हे शिकवतात का, ते बघा. माणसांवरच्या संशोधनाचं नीतिशास्त्र अमेरिकेत १९७९ च्या बेलमाँट अहवालात तीन तत्त्वांत बसवलं: व्यक्तीचा मान, तिचं हित, न्याय. पानगळ यांच्या वाचनालयातल्या बाईंनी तेच साध्या भाषेत सांगितलं.

कोरी_पाटी
मी गायब नव्हते, रोज वाचत होते. कालपर्यंत थांबले कारण काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

ओसरीवरून ताईंचा प्रतिसाद वाचून भाचीने दोन्ही विभागांना सारखीच मेल पाठवली. एकच प्रश्न: ‘बाहेर जाऊन आल्यावर विद्यार्थ्यांनी लिहिलेलं कोण वाचतं, आणि किती वेळा?’ रात्रपाळी यांच्यासाठी खाली एक ओळ मी घालायला लावली: ‘नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या नोकरीवर लिहिता येतं का?’

मानवशास्त्र विभागाकडून आभाराची मेल आणि माहितीपत्रक पुन्हा आलं. तेच, उन्हात हसणारं. (ओसरीवरून ताई, तुमच्या विषयाबद्दल नाही, त्या विभागाबद्दल बोलतेय.)

इतिहास विभागातल्या एका बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. वह्या त्या स्वतः आणि त्यांचा एक सहकारी वाचतात, सत्रात चारदा. नोकरीवर लिहिता येतं, पण आधी मालकाशी आणि सोबत काम करणाऱ्यांशी बोलावं लागेल. सोबत त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवला, त्याला विचारून, नाव झाकून. बंद पडलेल्या एका छापखान्यातल्या म्हाताऱ्या जुळाऱ्याशी (अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याशी) बोलून लिहिलेलं पान होतं. मुलाने लिहिलं होतं, ‘छापखान्यात तेव्हा सगळे गुण्यागोविंदाने काम करत.’ त्याखाली शिसपेन्सिलीने बाईंचा शेरा: ‘तू पाहिलंस, की त्यांनी सांगितलं? त्यांनी सांगितलं असेल तर कुणासमोर?’

भाची त्या शेऱ्यावर जेवताना अर्धा तास बोलत होती. तिच्या बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग? कुणासमोर सांगितलं होतं?" मुख्य विषय अजून ठरलेला नाही, त्याला वेळ आहे. पण पहिल्या सत्रात त्या बाईंचा वर्ग घेतलाय.

घुबड
ताई, तो शेरा मी लिहून घेतला. आणि मी त्या संस्थेत परत जाणार आहे या शनिवारी. क्रेडिट वगैरे नाही, सहज. खुर्च्या मांडणार नाही, सुरुवातीला नुसती रचून ठेवणार आहे.

मधली_सुट्टी
‘तू पाहिलंस, की त्यांनी सांगितलं?’ हा शेरा कुणीतरी उंशांच्या १०-२०-९० खाली शिसपेन्सिलीने लिहा रे.

उंटावरचा_शहाणा
वाचतोय मी.